डुकरिणीसाठी घातलेली फरशी

माझ्या सासऱ्यांनी उभ्या जन्मात लोकांच्या घरांत कितीतरी फरश्या घातल्या, पण स्वतःच्या दारात एकच घातली. ती माझ्या डुकरिणीसाठी होती. पुढे ती त्यांनी स्वतःच्याच हातांनी, घण घालून फोडली. फोडायची गरज नव्हती, हे मला त्या वेळी ठाऊक होतं आणि त्यांना नव्हतं. आज इतक्या वर्षांनीही ते आठवलं की मला वाईट वाटतं, आणि वाईट वाटण्याबरोबर रागही येतो. तो नक्की कुणावर येतो, ते मात्र मला अजून नीट सांगता येत नाही.

डुक्कर म्हटल्यावर वाचणाऱ्यांपैकी काहींनी नाक मुरडलं असेल. मुरडू द्या. आम्ही दगड फोडणारी आणि घडवणारी माणसं. गावं फिरायची, काम असेल तिथे पालं टाकायची, आणि पालाबरोबर डुकरं चालायची. माझ्या बापाने माझ्या लग्नात मला एक तरणी डुकरीण दिली. वरातीला वाजंत्री परवडली नव्हती, पण पाय बांधून गाडीत टाकलेली ती डुकरीण रस्ताभर अशी ओरडली की ती उणीव कुणाला जाणवली नाही. आमच्या घरातली बोली वेगळी आहे. ती इथे लिहिली तर कुणाला कळायची नाही, म्हणून आम्ही गावात जसं बोलायचो तसंच इथे देते.

मी सासरी आले तेव्हा विजेचं इंजिन लावलेली गाडी नुकती कर्जतच्या पुढे घाट चढायला लागली होती. सासरची माणसं फिरायची थांबून पोशीरच्या शिवाराच्या टोकाला, खाणीजवळ, कुडाची घरं करून राहिली होती. घरात आम्ही चारच माणसं. सासूबाईंना मी आत्याबाई म्हणायचे आणि सासऱ्यांना मामा. म्हणायचे म्हणजे मनातल्या मनात, कारण सुनेने सासऱ्याशी बोलायचं नाही, असा आमच्याकडे शिरस्ता होता. काही सांगायचं तर आत्याबाईंना सांगायचं, त्या पुढे सांगत. त्या घरात नसल्या तर बांगड्या वाजवायच्या किंवा भांडं आपटायचं, आणि मामांनी काय ते समजून घ्यायचं. मी मुळात बडबडी. त्या घरात पहिलं वर्ष मी कशी गप्प राहिले ते माझं मला माहीत.

मामाही माझ्याशी थेट बोलत नसत. पण त्यांनी एक वाट काढली होती. ते माझ्या डुकरिणीशी बोलत. मी ऐकेन एवढ्या अंतरावर ती असली की तिला म्हणायचे, "काय गं, आज कालवणात मीठ इसरलीस का?" मी पदराआड हसायचे, आणि दुसऱ्या दिवशी मीठ नीट पडायचं. सासरी माझ्याशी पहिल्यांदा माणसासारखं कुणी वागलं असेल तर ते मामाच, आणि तेही एका डुकरिणीच्या तोंडाकडे बघत.

पहिल्या वेताची पिल्लं मोकळ्यावर वाढली. करवंदीच्या जाळीखाली ती व्याली, आणि पिल्लं पाय फुटल्यापासून नाकं मातीत खुपसून हिंडत होती. त्यातलं एकही वाया गेलं नाही. माथेरानच्या बंगल्यांवरचे खानसामे नेरळच्या बाजारात उतरत, त्यांनी ती हातोहात उचलली. आत्याबाई मला त्या आठवड्यात चक्क लेक म्हणाल्या.

मग डुकरीण एके दिवशी गावातल्या कुणाच्या तरी राबात शिरली. भाताच्या रोपांसाठी पालापाचोळा जाळून, भाजून तयार केलेली जमीन ती, आणि हिने ती सगळी उकरून टाकली. पाटील दारात आले. ओरडले नाहीत, पण डुकरं बांधून ठेवा नाहीतर खाणीजवळून उठा, एवढं बोलून गेले. आत्याबाई म्हणाल्या, विकून टाकू.  संध्याकाळी कामावरून आल्यावर मामांनी घरामागची जागा दोरी धरून आखली.

ते खोपट बांधायला त्यांनी जवळजवळ सारा उन्हाळा घेतला. दिवसभर दुसऱ्यांचा दगड घडवायचा आणि उजेड असेपर्यंत आमचा. भिंती कमरेएवढ्या, वर गवताचं छप्पर, आणि खाली फरशी. काळा दगड, चारी बाजूंनी गुण्यात, म्हणजे काटकोनात घडवलेला, टाकीचे घाव एका ओळीत. सांधे असे बसवले की नखही आत जाऊ नये, आणि वरून त्या सांध्यांत चुन्याचा दरजा भरलेला. ढाळ मोरीकडे. काम झालं त्या दिवशी त्यांनी वरच्या कोपऱ्यात एक तांब्या पाणी ओतलं. ते पाणी कुठेही न रेंगाळता सरळ मोरीतून बाहेर गेलं. मामांनी डुकरिणीच्या पाठीवर थाप मारली. "बघ गं. मुंबईच्या शेटाच्या घरात पन अशी नाय. तुज्यासाठी केली."

हे कुणासाठी केलं ते मला कळलं. माझ्यासाठी कुणी कधी काही बांधलं नव्हतं. माझ्या बापाच्या घरी तर चार बांबू आणि वर चटई, एवढंच घर होतं. मी ती फरशी रोज सकाळी झाडायचे आणि ओढ्याचं पाणी आणून धुवायचे. मातीचा कण राहू द्यायचे नाही. आमच्या घरातली जमीन शेणाने सारवलेली आणि डुकरिणीची दगडी, म्हणून शेजारच्या बाया मला चिडवायच्या की तूच तिकडे झोपायला जा. मला ते चिडवणं आवडायचं.

दुसऱ्या वेताची पिल्लं त्या फरशीवर जन्मली. पहिल्या दिवसांत ती इतकी गुबगुबीत होती की मी बघतच राहायचे. डुकरिणीला दूध भरपूर होतं. मग एका सकाळी माझ्या लक्षात आलं की त्यांचे गुलाबी कान पांढुरके पडलेत. नाकाचे शेंडेही तसेच. पिताना ती मधेच थांबायची आणि त्यांच्या बरगड्या लोहाराच्या भात्यासारख्या खालीवर व्हायच्या. सगळ्यांत जाड, सगळ्यांत देखणं होतं ते पिल्लू आधी गेलं. सकाळी उड्या मारत होतं आणि दुपारी आडवं झालेलं. त्यानंतर एकामागून एक. जी उरली तीही रोडावली, शेपट्या लोंबायला लागल्या, अंगावरचे केस राठ झाले.

आत्याबाईंनी निदान करायला वेळ लावला नाही. डुकरिणीचं दूध खोटं, म्हणजे ज्या माहेरून ती आली ते माहेर खोटं. मी चुलीपुढे बसून सगळं ऐकायचे आणि लाकडं जरा जास्तच जोरात मोडायचे. तिसरं वेत झालं आणि त्या पिल्लांचेही कान पांढरे व्हायला लागले, तेव्हा त्यांनी नेरळच्या खाटकाला निरोप धाडायचं ठरवलं. मामा त्या दिवसांत खोपटापाशी फार वेळ उभे राहायचे. भिंतीवर हात ठेवून आत बघायचे. डुकरिणीशी बोलणं मात्र त्यांनी थांबवलं होतं.

खाटकाच्या आधी सालुत्री आला, तो माझ्या नवऱ्यामुळे. माथेरानची घोडी नेरळच्या तबेल्यांत असायची, आणि त्यांची दुखणी बघणारा एक म्हातारा सालुत्री, म्हणजे घोड्यांचा वैद्य, तिथे राहायचा. आयुष्य पलटणीच्या घोड्यांत गेलेलं, बोलणं तुटक, गुडघे दुखरे. माझा नवरा तबेल्याच्या गटारासाठी दगड टाकायला गेला होता, तेव्हा त्याने विषय काढला. सालुत्री म्हणाला, बघतो, पण एखादं पिल्लू जगलं तर मोठं झाल्यावर मला त्याची मांडी हवी. डुकराचं मटण त्याला आवडायचं, आणि ते लपवायची त्याला गरज वाटत नव्हती. मला तो तिथेच आवडला.

तो दुपारी आला. एक पिल्लू उचलून त्याने त्याचा कान उन्हासमोर धरला. चांगल्या पिल्लाच्या कानात लाल शिरा दिसतात. याच्या कानातून नुसता उजेड दिसत होता. डोळ्याची खालची पापणी उलटून बघितली, तीही पांढरी. बरगड्यांवर हात ठेवून तो थोडा वेळ थांबला. मग पिल्लू खाली ठेवलं आणि फरशीकडे बघितलं. वाकून तिच्यावरून हात फिरवला. काम कुणाचं, असं त्याने विचारलं. इतके दिवस कोमेजलेले मामा तेवढ्यापुरते ताठ झाले, पुढे आले आणि "माझं," म्हणाले.

"काम उत्तम हाय," सालुत्री म्हणाला. "पन याच फरशीनं तुमची पिल्लं मारली."

 सालुत्रीला घोड्यांची सवय. घोड्याला काय वाटेल याचा विचार करून बोलावं लागत नाही. मामांनी एकदा त्याच्याकडे आणि एकदा फरशीकडे बघितलं. मग भिंतीला टेकवलेली हत्यारांची पिशवी उचलली. खालापूरच्या बाजूला एका ओढ्यावर पूल व्हायचा होता, त्या कामावर दुसऱ्या दिवशी निघायचं ठरलेलं होतं. ते त्याच पावली निघाले. माझ्या नवऱ्याला हाक मारली आणि दोघे बाप-लेक बांधावरून चालते झाले. त्यांनी वळून बघितलं नाही. सालुत्रीचं बोलणं अजून अर्धंही झालं नव्हतं.

उरलेलं त्याने आम्हा दोघी बायकांना सांगितलं. आईच्या दुधात सगळं असतं, पण लोह फार थोडं. पिल्लू जन्मताना पोटात जेवढं लोह घेऊन येतं ते लवकर सरतं, आणि पुढचं ते मातीतून घेतं. नाक खुपसतं, चाटतं, खातं. तुमच्या पिल्लांना माती दिसतच नाही. ती जेवढी झपाट्याने वाढतील तेवढं रक्त पातळ होणार, म्हणून धष्टपुष्ट पिल्लू आधी जातं. मी विचारलं, मग फरशी काढायची का? त्याने मान हलवली.

"फरशी कशाला काढता? धुवायला बरी हाय, र्‍हाऊ द्या. कोपऱ्यात एक टोपली माती टाका. सरली का दुसरी. बस."

माती मात्र डोंगराच्या उताराची, लाल, जिथे डुकरं कधी फिरली नाहीत अशी आणायची, नाहीतर पोटात जंत होतील, असं त्याने बजावलं. आणि जी पिल्लं आधीच पांढरी पडलीत त्यांच्यासाठी हिराकस, म्हणजे लोखंडाचा क्षार. काष्ठौषधीवाल्याकडे मिळते, शाई करायला वापरतात ती. हिरवी बघून घ्यायची, पिवळी पडलेली नको. पाण्यात विरघळवून फडक्याने डुकरिणीच्या सडांना लावायची, म्हणजे पिताना पिल्लांच्या पोटात जाते. जास्त नको, जास्त झाली की विष. एवढं सांगून तो गुडघे धरत धरत निघून गेला.

मी त्याच दुपारी टोपली घेऊन चढण चढले. लाल माती आणून कोपऱ्यात ओतली, आणि काय सांगू, ज्या पिल्लांना उभं राहवत नव्हतं ती सरपटत तिच्याकडे गेली. आत्याबाई बघत होत्या. त्यांनी खाटकाचं नाव पुन्हा काढलं नाही आणि हिराकस आणायला स्वतः नेरळला गेल्या. मी फडकं भिजवून सड पुसायचे. डुकरीण आधी लाथा झाडायची, मग सवय झाली. त्या तुरट पाण्याने पिल्लं तोंड वाकडं करायची, पण प्यायची. हळूहळू त्यांच्या कानांत रंग भरला. दोन अगदीच गेलेली होती ती गेली. बाकीची सगळी उठली. मी फरशीही पूर्वीसारखी धुवत होते, फक्त तो कोपरा सोडून.

पुरुष तिकडे होते तेवढे दिवस मी मनातल्या मनात मामांना हे सगळं सांगत होते. ते आले की आत्याबाई कशा सांगतील, मामांचा चेहरा कसा खुलेल, मग ते डुकरिणीला काय म्हणतील, सगळं मी ठरवून टाकलं होतं. आत्याबाईंना मी दोनदा आठवण केली, मामांना टोपलीचं सांगा हं. त्या हो म्हणाल्या.

ते एका संध्याकाळी आले. आत्याबाई रुसल्या होत्या, कारण मामा न सांगता निघून गेले होते आणि मधे सण येऊन गेला होता. रुसलेल्या माणसाने आधी बोलायचं नाही, हा त्यांचा नियम. त्यांनी भाकरी वाढली, पाणी ठेवलं आणि पाठ करून झोपल्या. मी भिंतीआडून भांडं आपटलं. मामांना वाटलं, मांजर शिरलं. माझ्या नवऱ्याला सांगावं तर तो ताटावरच पेंगत होता. मी म्हटलं, सकाळी सांगू.

सकाळी आत्याबाई ओढ्यावर गेल्या, नवरा खाणीकडे, आणि मी माती आणायला डोंगराकडे. टोपली भरून परत येताना मला घणाचा आवाज आला. तो आवाज मला परका नव्हता, त्या आवाजातच मी वाढले. पण तो आमच्या घराच्या मागून येत होता. मी धावले. मामांनी डुकरीण आणि पिल्लं बाहेर काढून जाळीत कोंडली होती. पिल्लं ओरडत होती, चांगली लालबुंद, जिवंत. मामा त्यांच्याकडे बघतही नव्हते. पहारीने फटी मोकळ्या करून ते घण घालत होते. मधल्या ओळी गेल्याच होत्या. त्यांचा चेहरा घामाने भिजला होता, आणि तो नुसता घाम नव्हता.

मी बांगड्या वाजवल्या. त्यांनी ऐकलं नाही. एकदा तोंड उघडलंही. पण जी जीभ लग्नापासून बांधून ठेवली होती ती ऐन वेळी सुटली नाही. मग मला सुचलं ते मी केलं. मातीची टोपली दोन्ही हातांनी उचलून त्यांच्यासमोर धरली. म्हणजे हे बघा, एवढंच पुरतं, थांबा.

मामांनी घण खाली ठेवला. माझ्या हातातून टोपली घेतली आणि फोडलेल्या जागेवर ओतली. मग डुकरीण जवळ नसतानाही, पहिल्यांदाच, थेट माझ्याकडे बघून बोलले.

"शानी हाय माजी सून. आन, अजून आन. सगळी भरून काढू."

आणि त्यांनी घण उचलला.

मी माती आणत राहिले. दुसरं काय करणार होते? दुपारपर्यंत फरशी गेली. संध्याकाळी मामा साऱ्या वस्तीला सांगत होते की मी फोडायला घेतली आणि सून काही न सांगता माती घेऊन हजर, अशी सून कुणाला मिळत नाही. आत्याबाईंना मी रडत रडत म्हटलं, आता तरी सांगा. त्या म्हणाल्या, आता सांगून दगड जोडला जाणार का? उगाच जीवाला लावून घेतील, गप बस. त्यांचंही चुकलं असं मला म्हणवत नाही.

त्यानंतर मामांनी फरशीचं काम अगदीच सोडलं असं नाही. पण कुणी घरात फरशी घालायला बोलावलं की ते आधी विचारायचे, घरात तान्हं मूल आहे का, सून पोटुशी आहे का. असेल तर नाही म्हणायचे. मजुरी वाढवून दिली तरी नाही. लहान पोराला पायाखाली माती पाहिजे, दगड पोराचं रक्त ओढतो, असं समजावून सांगायचे. लोक हसायचे. दुसरे गवंडी बोलावून काम उरकून घ्यायचे. मामांच्या हाताखाली शिकलेल्यांची नावं झाली आणि मामा विहिरींचे काठ आणि बांध बांधत राहिले. माझी लेक झाली तेव्हा त्यांनी स्वतः लाल माती आणून पाळण्याखालची जमीन चोपली. मी बाजेवर पडून ते बघत होते आणि मला गलबलून येत होतं. तरी मी बोलले नाही.

आत्याबाई गेल्यावर घरात मामांशी बोलायला मीच उरले. शिरस्ता आपोआप मोडला. त्यांना तोवर नीट दिसत नव्हतं, दगडाचा कपचा उडून एक डोळा गेला होता आणि दुसरा मंदावत होता. एका दुपारी ते अंगणात बसले होते. डुकरिणीच्या लेकीची पिल्लं पायाशी धडपडत होती. मामांनी एकाचा कान चाचपला आणि समाधानाने म्हणाले की फरशी फोडली तेव्हापासून एक पिल्लू तसं गेलं नाही.

मी गप्प बसायला हवं होतं. पण इतकी वर्षं गप्प बसून मला वाटायला लागलं होतं की खरं सांगितलं तर त्यांच्या मनावरचं ओझं उतरेल. त्यांचं काम वाईट नव्हतं, हे त्यांना कळेल. म्हणून मी सांगून टाकलं. सालुत्री फरशी राहू द्या म्हणाला होता, मामा. तुम्ही यायच्या आधीच पिल्लं उठली होती.

"कशानं?"

"कोपऱ्यात एक टोपली माती टाकली व्हती. आनि हिराकस."

"एक टोपली?"

"व्हय, मामा. एक टोपली."

 मला वाटलं, त्यांना ती काळी फरशी आठवत असेल, तिच्याबद्दलच काही म्हणतील. पण त्यांनी फरशीचं नावही काढलं नाही.

"मंग त्या पोराबाळांच्या घरांना मी उगाच नाय म्हनलो गं?" असं म्हणून ते एकेक घर आठवायला लागले. पोशीरचं नदीकडचं घर, जुळी झालेली. शेलूच्या मास्तराचं घर, त्याचा पहिलाच मुलगा. दामतकडचं एक, जिथली म्हातारी पाया पडली होती, नातू ओल्या जमिनीवर रांगतो, खोकतो, फरशी घाला म्हणून. त्या म्हातारीपाशी ते थांबले, आणि पुन्हा पहिल्या घरापासून सुरू झाले. मी पुढे होऊन त्यांचा हात धरला, पण त्यांना थांबवता काही मला आलं नाही.